एस्टोनियातला ईस्टर: वाळुंजाच्या डहाळ्या, कांद्याची सालं आणि गावचा झोपाळा

उत्तरायण
२९ मार्च २०२६, सकाळी ११:२०

आज झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी खजुराच्या झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून जगभरचे ख्रिस्ती आज हातात झावळी धरतात. पण एस्टोनियात झावळी आणायची कुठून? मार्चअखेरीला इथल्या रानात सावलीच्या जागी अजून बर्फ असतो आणि झाडं उघडी असतात. अपवाद फक्त वाळुंजाच्या जातीतल्या एका झुडपाचा. त्याला पानांच्या आधी करड्या, लोकरीसारख्या मऊ कळ्या फुटतात. झावळीचा मान या डहाळ्यांना मिळाला आहे.

या कळ्यांवरूनच आजच्या दिवसाला 'उर्बेपाएव' म्हणतात. सकाळी जो आधी उठेल त्याने झोपलेल्यांना डहाळीने हलकेच मारायचं आणि म्हणायचं, वर्षभर धडधाकट राहा, या डहाळीसारखा वाढ. ज्याने मार खाल्ला त्याने ईस्टरला मारणाऱ्याला एक रंगवलेलं अंडं द्यायचं. ही रीत दक्षिण एस्टोनियात, आग्नेय सीमेवरच्या सेतो लोकांत आणि ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चच्या) कुटुंबांत जास्त दिसते. इतर ठिकाणी लोक निदान डहाळ्या आणून फुलदाणीत ठेवतात. तार्तू शहराच्या बाजारात या आठवड्यात म्हाताऱ्या बायका जुड्या घेऊन बसतात.

धागा काढायचं कारण असं की मराठीत एस्टोनियाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते व्हिसा, ई-रेसिडेन्सी आणि नोकऱ्यांबद्दल. फार तर एक वाक्य येतं, की हा युरोपातला सर्वांत कमी धार्मिक देशांपैकी एक. ते खरंच आहे. २०२१च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या लोकांपैकी जेमतेम २९ टक्क्यांनी आपण कुठल्या तरी धर्माचे आहोत असं सांगितलं. त्यात ऑर्थोडॉक्स १६ टक्के, लुथरन (प्रोटेस्टंट) ८ टक्के. तरीही ईस्टर घरोघरी होतो. माझं मत असं की इथला ईस्टर हातांनी टिकवलाय. अंडं रंगवायचं, डहाळी तोडून आणायची, झोपाळा बांधायचा. ज्याला प्रार्थना येत नाही त्यालाही यातलं काही ना काही येतंच.

चर्चला जाणारे याला पुनरुत्थानाचे दिवस म्हणतात. ऑफिसात वसंताच्या शुभेच्छा देतात. जुनी माणसं 'लिहाव्हत्तेद' म्हणतात, कारण उपासाचे दिवस संपून ताटात मांस परत येतं. मुलांसाठी तो सरळ 'मुनादेप्युहाद', अंड्यांचा सण. कुणी कुठलंही नाव घेतलं तरी चालतं.

आता अंडी. दुकानात रंगाच्या पुड्या मिळतात, पण घरोघरी मुख्य रंग कांद्याच्या सालांचा. फेब्रुवारीपासूनच स्वयंपाकघरात एक पिशवी टांगलेली असते आणि कांदा चिरला की कोरडी सालं तिच्यात जातात. नुसत्या सालांच्या पाण्यात अंडी उकळली तर तांबूस तपकिरी रंग येतो. पण खरी मजा गुंडाळून उकळण्यात आहे. कच्चं अंडं ओलं करायचं, त्यावर तांदळाचे दाणे किंवा कोथिंबिरीसारखं एखादं कातरलेलं पान चिकटवायचं, भोवती कांद्याची सालं लपेटायची, वरून सुती चिंधी घालून दोऱ्याने घट्ट आवळायचं. जुन्या पायमोज्याचा तुकडाही त्यासाठी जपून ठेवलेला असतो. मग पाण्यात मीठ घालून दहा-बारा मिनिटं उकळायचं. गार झाल्यावर दोरा कापला की आत पिवळा, विटकरी, मधूनच हिरवट असा संगमरवरी नक्षीचा रंग दिसतो, आणि जिथे तांदूळ होता तिथे छोटा फिका ठिपका. शेवटी लोण्याचा बोळा फिरवायचा, म्हणजे चकाकी येते. दोन अंडी कधी सारखी होत नाहीत. बर्चची वाळवलेली पानं घातली तर पिवळा रंग येतो, जास्वंदीचा चहा किंवा ब्लूबेरी घातली तर निळा-जांभळा.

झोपाळ्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तो विषय मोठा आहे.

राजगिरा
२९ मार्च, दुपारी ३:०५

सुंदर लिहिलंयस. कांद्याची सालं मी कापड रंगवायला वापरते, अंड्यांवर कधी करून बघितली नाहीत. दोन प्रश्न. अंडी तपकिरी असतील तर रंग दिसतो का? आणि रंगवून झाल्यावर ती खातात की शोभेला ठेवतात?

उत्तरायण
२९ मार्च, सायंकाळी ६:४०

पांढरीच घे. तपकिरी अंड्यावर कांद्याचा रंग नुसता गडद होतो, नक्षी उठत नाही. मीठ टाकायला विसरू नकोस आणि अंडी आधी फ्रिजबाहेर काढून ठेव, नाहीतर उकळताना तडकतात.

खातात तर भरपूर! पण आधी लढाई. ईस्टरच्या सकाळी न्याहारीला बसलं की प्रत्येकाने आपलं अंडं निवडायचं. एकाने मुठीत धरून टोक वर ठेवायचं, दुसऱ्याने आपल्या अंड्याचं टोक त्यावर आपटायचं. ज्याचं फुटलं त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं. टोकाला टोक, मग बुडाला बूड. घरातलं लहानात लहान पोर आणि पणजी समोरासमोर बसून हे खेळतात. मग पुढचे चार दिवस उकडलेली अंडीच अंडी. काळ्या रायच्या पावावर लोणी, त्यावर खारवलेला छोटा किलु मासा आणि अंड्याची चकती, हा इथला हक्काचा पदार्थ. अंडी बारीक चिरून लोण्यात कालवतात तेही छान लागतं.

काही घरांत दोन-तीन आठवडे आधी ताटलीत माती घालून ओट्स किंवा गहू पेरतात. हिरवं गवत वर आलं की रंगवलेली अंडी त्यात मांडून ताटली टेबलाच्या मधोमध. बाहेर सगळं करडं असताना तो हिरवा चौकोन बघायला किती बरं वाटतं, ते इथला हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही.

बावखल
२९ मार्च, रात्री ९:५२

मी वसईचा, कॅथलिक. आज सकाळीच झावळ्या घेऊन मिरवणुकीत चालून आलो. आमच्याकडे या आशीर्वादित झावळ्या वर्षभर घरात ठेवतात आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारासाठी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसासाठी, त्यांचीच राख होते. वाळुंजाच्या डहाळीबद्दल वाचून बरं वाटलं. जिथे जे उगवतं ते देवापुढे न्यायचं, यात काहीच वावगं नाही.

पण एक बोलू का? अंडी, गवत, डहाळ्या सगळं गोड आहे, मात्र ईस्टर म्हणजे प्रभूचं पुनरुत्थान. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, शुक्रवारचं दुःखसहन, शनिवारच्या रात्री अंधारात पेटवलेली मेणबत्ती, या सगळ्यातून गेल्यावर ती सकाळ येते. यातलं काहीच नसेल तर तिथल्या लोकांकडे नेमकं काय उरतं? टीका म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

उत्तरायण
३० मार्च, सकाळी ८:१५

बावखल, प्रश्न अगदी रास्त आहे.

पवित्र सप्ताहाला इथे 'शांत आठवडा' म्हणतात. जुन्या ग्रामीण समजुतीनुसार शुक्रवारी आवाज करायचा नाही, गोंगाटाची कामं करायची नाहीत, कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जायचं नाही. त्याला 'सूर रेएदे' म्हणजे मोठा शुक्रवार म्हणतात आणि तो सरकारी सुट्टीचा दिवस आहे. रविवारही सुट्टीत धरतात, सोमवारी मात्र सगळे कामावर. लुथरन चर्चमध्ये एरवी बाकं रिकामी असतात, पण शुक्रवारी आणि रविवारी लोक येतात, आणि येशूच्या दुःखसहनावरच्या संगीताच्या मैफली भरलेल्या असतात.

ऑर्थोडॉक्स लोकांचं वेगळं. तालिनच्या तोंपेआ टेकडीवर १९०० साली पूर्ण झालेलं अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल आहे. तिथे शनिवारी मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन चर्चभोवती मिरवणूक निघते. दार उघडलं की पुरोहित म्हणतो, 'ख्रिस्त उठला आहे', आणि सगळे एका आवाजात, 'खरोखर उठला आहे'. नंतरचे कित्येक दिवस लोक रस्त्यात भेटले तरी नमस्काराऐवजी हेच म्हणतात. टोपलीत अंडी, 'कुलिच' नावाचा उंच गोड पाव आणि 'पास्हा' नावाचा गोड पदार्थ घेऊन ते आशीर्वादासाठी रांगेत उभे असतात.

तारखाही वेगळ्या पडतात. यंदा पाश्चात्त्य ईस्टर ५ एप्रिलला आणि जुन्या (ज्युलियन) पंचांगाने चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स लोकांचा १२ एप्रिलला. २०२४ मध्ये तर एक ३१ मार्चला आणि दुसरा थेट ५ मेला होता. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला आले, तेव्हा माझ्या इमारतीतली एस्टोनियन आणि रशियन बोलणारी घरं एकाच दिवशी अंडी वाटत होती.

ज्यांच्याकडे श्रद्धा नाही त्यांच्याकडे काय उरतं? माझ्या मते, बरंच. मरून पडल्यासारखी दिसणारी जमीन पुन्हा जागी होते यावरचा भरवसा उरतो, आणि एकमेकांना अंडं देण्याची सवय उरते. तुम्हाला ते अपुरं वाटेल, आणि श्रद्धेच्या बाजूने ते आहेही. पण पोकळ नाही.

बावखल
३० मार्च, सकाळी १०:३०

मनापासून उत्तर दिलंत. आभार. 'ख्रिस्त उठला आहे' ही हाक इतक्या दूर, इतक्या थंडीत तशीच दिली जाते हे वाचून भरून आलं.

पानगळ
३० मार्च, दुपारी १:१२

सोव्हिएत काळात हे सगळं कसं टिकलं? बंदी होती ना?

दूरदेशी
३० मार्च, रात्री १०:०८

मी काही वर्षं एस्टोनियात, पेर्नू शहरात होतो, जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगतो. १९४० मध्ये आणि पुन्हा १९४४ पासून १९९१ पर्यंत एस्टोनिया सोव्हिएत संघात होता. चर्चचे सण कॅलेंडरवरून गेले, शुक्रवार कामाचा दिवस झाला. चर्चमध्ये उघडपणे जाणं नोकरीच्या आणि शिक्षणाच्या दृष्टीने महागात पडायचं. पण कांद्याच्या सालात अंडी उकळणं हे स्वयंपाकघरातलं काम. तिथे कोण बघायला येणार? मुलांना एवढंच बजावलेलं असायचं की शाळेत बोलायचं नाही. म्हणून त्या पिढीच्या तोंडी 'अंड्यांचा सण' हेच नाव जास्त बसलं. अंड्याला कुणी आक्षेप घेऊ शकत नव्हतं.

उत्तरायणने वर जे म्हटलंय की सण हातांनी टिकवला, ते या काळाला तंतोतंत लागू आहे.

तालिनकर
३१ मार्च, सायंकाळी ७:२५

झोपाळ्याची वाट बघतोय! आमच्या इथे रोक्का अल मारेच्या खुल्या संग्रहालयात मोठा झोपाळा आहे. ईस्टरला मुलांना घेऊन जातो. तिथे अंडी रंगवायलाही मिळतात आणि उतारावरून घरंगळवायलाही.

उत्तरायण
३१ मार्च, रात्री १०:५०

हो, आता झोपाळा.

त्याला 'कीक' म्हणतात. झाडाला दोरी टांगून बसायचा हा झोपाळा नाही. दोन जाड खांब जमिनीत पुरलेले, वर आडवं लाकूड, त्याला बर्चचे लांब दांडे लोंबकळत सोडलेले आणि खाली फळी. पूर्वी दांडे आडव्या लाकडाला बांधायला पिळलेल्या कोवळ्या फांद्याच वापरत. एका वेळी चार-सहा जण फळीवर उभे राहतात आणि गुडघे वाकवून झोका चढवतात. जवळ उभं राहिलं की लाकडाचा करकर आवाज पोटात जाणवतो.

ईस्टरच्या आधी गावातले तरुण मुलगे मिळून झोपाळा बांधत किंवा जुन्याची डागडुजी करत. त्याबद्दल मुली त्यांना अंडी देत. ही 'झोपाळ्याची अंडी'. अंडं द्यायचं म्हणजे नीट रंगवलेलं द्यायचं; कुणी कुणाला कुठलं अंडं दिलं यावर सगळ्या गावाचं लक्ष असे. काही ठिकाणी मुली झोपाळ्यालाच हातमोजे, पट्टे, फिती बांधत. जुन्या झोपाळ्याच्या गाण्यांत झोपाळा स्वतः हातमोजे मागतो, आणि गाणारी ज्यांनी तो बांधला त्यांचे आभार मानते. ही गाणी आठ अक्षरांच्या चरणांची, एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच ओळ उचलून धरायची. झोक्याच्या लयीवर बसवलेली असल्याने कागदावर वाचली तर निम्मी हरवतात.

ईस्टरला सुरू झालेलं झुलणं जूनमधल्या यानिपाएवपर्यंत, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या होळीपर्यंत चाले. झोपाळ्याची जागा म्हणजेच गावातल्या तरुणांची भेटण्याची जागा. अनेक लग्नं तिथेच ठरली असणार.

हे आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे त्याचं श्रेय याकोब हुर्ट या पाळकाला द्यायला हवं. १८८८ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केलं की आपापल्या गावची गाणी, रीती, समजुती लिहून पाठवा. शेतकरी, शाळामास्तर, गिरणीवाले अशा शेकडो माणसांनी लिहून पाठवलं. लाखाहून जास्त पानं जमली. आज ती तार्तूच्या लोकसाहित्य संग्रहात आहेत. चर्चचा एक सेवक गावकऱ्यांच्या गाण्यांसाठी आयुष्य घालवतो, याबद्दल मला फार आदर वाटतो.

तालिनकर
१ एप्रिल, सकाळी ९:०२

झोपाळ्याचं वेड आजही आहे. १९९३च्या सुमारास आडो कोस्क यांनी त्यातून 'कीकिंग' हा खेळ काढला. लोखंडी दांड्यांचा झोपाळा, हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, आणि उभ्याने झोका चढवत चढवत आडव्या दांड्यावरून पूर्ण गिरकी घ्यायची. दांडे जितके लांब तितकं कठीण. सात मीटरच्या पुढे गेलेले लोक आहेत. मी प्रत्यक्ष पाहिलंय, वरच्या टोकाला क्षणभर माणूस उलटा थांबतो तेव्हा बघणाऱ्यांचा श्वास अडकतो.

राजगिरा
१ एप्रिल, दुपारी १२:३५

वर पास्हाचा उल्लेख आला होता. कृती मिळेल का? चक्का चालेल?

उत्तरायण
१ एप्रिल, सायंकाळी ७:१८

पास्हा मूळचा रशियन ऑर्थोडॉक्स पदार्थ, पण आता एस्टोनियन घरांतही ईस्टरचं गोड म्हणजे हाच. मूळ घटक 'कोहुपीम'. आंबवलेलं दूध हलकं तापवून पाणी निथळून केलेला मऊ चोथा. नुसता चक्का आंबट होईल आणि आकार धरणार नाही, म्हणून निम्मा चक्का आणि निम्मं ताजं, न दाबलेलं पनीर घे.

दोन्ही मिळून अर्धा किलो. बारीक चाळणीतून दोनदा घासून काढ, रवाळ राहता कामा नये. शंभर ग्रॅम मऊ लोणी आणि शंभर ग्रॅम पिठीसाखर फेसून घे, त्यात हे घाल, मग अर्धी वाटी घट्ट साय. बेदाणे, बदामाचे काप, संत्र्याच्या सालीचा मुरांबा बारीक चिरून, थोडी व्हॅनिला. जुन्या कृतीत अंड्याचे पिवळे बलकही असतात, पण ते शिजवून घ्यावे लागतात. पहिल्यांदा करताना वगळलेस तरी चालेल.

इथे चार फळ्यांचा, वर निमुळता होत जाणारा लाकडी साचा मिळतो. तो नसेल तर तळाला भोक असलेली नवी कुंडी धुऊन घे, ओलं मलमल आत पसर, मिश्रण भर, कापडाची टोकं वर दुमड आणि वजन ठेव. खाली ताटली ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. पाणी निथळतं तसा घट्टपणा येतो. सकाळी उलटं केलं की मलमलीच्या विणीचे ठसे उमटलेले दिसतात.

राजगिरा
५ एप्रिल, सायंकाळी ५:५०

केला! दुपारी उलटवला, अगदी उभा राहिला. सासूबाईंनी दोनदा घेतला. त्यांचं म्हणणं वेलदोडा हवा होता. अंडीही केली. तांदळाचे ठिपके उमटले, पण चिंधी एका ठिकाणी सैल राहिली तिथे नुसताच रंग आला. बावखल, तुम्हाला आणि घरच्यांना पुनरुत्थानाच्या शुभेच्छा.

बावखल
५ एप्रिल, रात्री ८:२०

तुम्हालाही. मुलांना धागा वाचून दाखवला, घरात आज अंड्यांच्या टकरी झाल्या. मुलीचं अंडं शेवटपर्यंत टिकलं.

पानगळ
६ एप्रिल, सकाळी ९:४४

आम्ही तिघं मित्र रीगाहून येत्या शनिवारी गाडीने तार्तूला येतोय. १२ तारखेचा ईस्टर बघायचा असेल तर कुठे जावं?

उत्तरायण
६ एप्रिल, दुपारी २:३०

सेतोमाला जा. अगदी आग्नेय कोपरा, रशियाच्या सीमेला लागून. सेतो लोक ऑर्थोडॉक्स आहेत आणि जुनं पंचांग पाळतात. ओबिनित्सा आणि व्हार्स्का ही दोन गावं जवळजवळ आहेत. तिथे वाळूच्या उतारावर अंडी घरंगळवण्याचा खेळ असतो: खाली आधीच पडलेल्या अंड्याला आपलं अंडं लागलं की ते आपलं. मोठी माणसंसुद्धा गुडघ्यावर बसून उताराचा अंदाज घेतात. बायका गाणी म्हणतात ती 'लेएलो', २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. छातीवर ढालीएवढं चांदीचं शंकूसारखं पदक असतं. श्वास घेताना ते वरखाली होतं आणि साखळ्या वाजतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेतो लोक मोठ्या सणांना आपल्या माणसांच्या थडग्यावर विणलेलं कापड अंथरून जेवतात. तिथे कॅमेरा काढू नका. बोलावलं तर बसा आणि दिलेलं खा. आणि त्यांचा पेत्सेरीचा जुना मठ आता सीमेपलीकडे आहे, बऱ्याच घरांची थडगीही तिकडे. त्याबद्दल आपणहून विचारू नका, त्यांनी विषय काढला तर ऐका.

येताना वाकडी वाट करायची तयारी असेल तर शनिवारी पेइप्सी सरोवराच्या काठाने या. कोल्क्या, वार्न्या ही रशियन 'जुन्या श्रद्धे'च्या लोकांची गावं. सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये सुधारणा झाल्या, त्या न मानणारे लोक छळाला कंटाळून पुढे इथे येऊन राहिले. उंच वाफ्यांवर कांदा पिकवणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि त्यांची ईस्टरची अंडी कांद्याच्या सालातली तांबडीच. रस्त्याकडेला वेण्या घातलेले कांदे आणि धुरावलेले मासे विकायला असले तर माझ्यासाठी एक वेणी घ्या. तार्तूला आलात की जेवायलाच या, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

पानगळ
६ एप्रिल, दुपारी ३:०१

नक्की. डझनभर पांढरी अंडी घेऊन निघतो, सालं वाटेत मिळतीलच.